भावोजींची लाइन

इंग्रजी भाषेत एकंदर शब्द किती, हे मला सांगता येणार नाही, आणि मी त्याच विषयात बी.ए. केलेलं आहे. पण आमच्या थोरल्या भावोजींना त्यातला एकच शब्द सापडला आणि तेवढ्यावर त्यांनी अख्खा जन्म काढला. तो शब्द म्हणजे लाइन. भावोजी टेलिफोन खात्यात लाइनमन होते, तेव्हा तो त्यांच्या तोंडी असणं साहजिक होतं. डॉक्टरच्या तोंडी औषध असतंच. पण डॉक्टर काही आमटीला औषध म्हणत नाही. भावोजींचं तसं नव्हतं. आमटी पातळ झाली की ते म्हणायचे, "आज लाइनीत दम नाय गो." तिखट झाली की, "आज काय, डायरेक्ट तारेवरून लाइन घेतलीस?" यावर ताई भांडं आदळायची. मग ते माझ्याकडे वळून बारीक आवाजात सांगायचे, "बघ, हितंपण लाइन गरम हाय."

पोट बिघडलं की पोटाची लाइन खराब. पाऊस सलग लागला की पावसाची लाइन लागली. ज्याला बोललेलं उशिरा कळतं त्याची लाइन लांबून आलेली, ज्याला कळतच नाही त्याची लाइन डेड. दोन बायका बोलत असताना तिसरी मधे तोंड घालायला आली की क्रॉस लाइन. पाहुणा चहा पिऊनही उठला नाही तर "लाइन होल्डवर ठेवलीय." पेणच्या बाजारात मनासारखी कोलंबी मिळाली नाही तर ती त्या दिवशी लाइनीवर आलेली नसायची. एखादा पोरगा मुलींकडे बघत रस्त्यावर घुटमळत असेल तर त्याला जी लाइन सगळा महाराष्ट्र लावतो, ती मात्र भावोजी लावत नसत. मी मेव्हणी, माझ्यासमोर ते बरं दिसलं नसतं. ते म्हणायचे, "तो काय करतोय? पोल मोजतोय."

त्यांचं घर जोह्याला. तिथे घरोघरी गणपतीचे कारखाने, हाताला रंग लागल्याशिवाय कुणी लहानाचं मोठं होत नाही. अख्ख्या गावात मातीला हात न लावणारा पुरुष बहुधा हा एकच असेल. तरी शेजारचे कारागीर ओसरीवर वाळत ठेवलेल्या मूर्ती बघायला त्यांना मुद्दाम बोलवायचे. सल्ल्यासाठी नाही, करमणुकीसाठी. भावोजी हात मागे बांधून, एक डोळा मिटून, पोल उभा करताना बघावं तसं त्या रांगेकडे बघत. "सोंडांची लाइन बरी हाय. पण तो तिसरा बाप्पा जरा लाइन सोडून बसलाय."

"भाऊ, तो बसलेला नाय. तो उभा हाय," कारागीर म्हणायचा.

"मग उभ्यानं पण लाइनीत ऱ्हायला नको?"

माझ्या शिक्षणात त्यांचा हात आहे, हे मी सगळीकडे सांगते. माझे वडील मिठागरात कामाला. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. बारावीनंतर घरात आता पुरे झालं, असा सूर निघाला, तेव्हा भावोजी सायकल घेऊन आले. सासऱ्यासमोर जावयानं फार बोलायचं नसतं, म्हणून भिंतीकडे बघून बोलले. "आण्णा, पोरीची लाइन चालू हाय. चालू लाइन मधेच कोण कट करतं काय? ती बंद पडली तर पुन्हा जोडायला लय तरास." वडिलांना यातलं किती समजलं कोण जाणे, पण जावई एवढा सायकलवरून आलाय तर काहीतरी महत्त्वाचं असणार, असं समजून त्यांनी मान हलवली. मी पेणच्या कॉलेजात गेले. इंग्रजी घेतलं. का घेतलं असं लोक विचारायचे. मी सांगायचे, मला आवडतं म्हणून. गरिबाच्या पोरीनं आवडतं म्हणून काही घ्यावं, याचं लोकांना फार नवल वाटायचं.

कॉलेजात वक्तृत्वाच्या स्पर्धेत मला बक्षीस म्हणून मोठा इंग्रजी शब्दकोश मिळाला. मी तो घेऊन थेट जोह्याला गेले आणि भावोजींपुढे लाइनचं पान उघडून ठेवलं. एक पान संपलं, उलटलं, तरी तो शब्द संपेना. भावोजींचा चेहरा असा झाला, की जणू स्वतःच्या खानदानाची वंशावळ कुणीतरी छापून आणली आहे. "वाच, वाच," म्हणाले. मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. कपाळावरची आठी, तीही लाइन. नटानं पाठ करायचं वाक्य, तीही लाइन. सैन्याची फळी, तीही. एका बापापासून पुढे चालत आलेली माणसं, तीही. कोटाला आतून कापड लावतात, त्यालाही हेच क्रियापद. ते माना डोलवत होते. मग मी म्हणाले, "आणि मासे पकडायच्या गळाची दोरी. तिलापण लाइन म्हणतात."

भावोजी ताठ बसले. त्यांचे वडील धरमतरच्या खाडीत गळ टाकून मासे पकडत. "गळाची दोरी?" म्हणाले. "मग आमचा बापूस पण लाइनमनच की गो!" तो त्यांचा दिवस सणासारखा गेला. संध्याकाळी त्यांनी ही बातमी गावातल्या पाच-सहा कारखान्यांत पोचवली.

कवितेच्या बाबतीत मात्र आमचं जमलं नाही. मी एकदा पाठ्यपुस्तकातली इंग्रजी कविता त्यांना दाखवली आणि सांगितलं, हिच्या प्रत्येक ओळीलासुद्धा लाइनच म्हणतात. त्यांनी पुस्तक हातभर लांब धरलं. डाव्या बाजूला थोडी अक्षरं, उजवीकडे सगळा कागद कोरा. दोन कडव्यांच्या मधे पुन्हा मोकळी जागा. "ह्याच्यात पोल लांब लांब टाकलेत," ते म्हणाले. "वायर झोळ खानार." मी पुढे शिक्षिका झाले, कितीतरी वर्गांना कविता शिकवल्या, पण कवितेवरचं याहून स्पष्ट मत माझ्या ऐकण्यात आलं नाही.

रोह्याचं स्थळ मला सांगून आलं, तेव्हाही बैठकीत भावोजी होते. मुलाच्या वडिलांनी घर सांगितलं, शेत सांगितलं, मुलगा कारकून आहे ते सांगितलं. भावोजी म्हणाले, "ती झाली नोकरी. पोराची लाइन कंची?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी मुलगाच चाचरत म्हणाला, "मला सुट्टीच्या दिवशी कुंडलिका नदीवर गळ टाकून बसायला आवडतं." भावोजींनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मग मी मधे बोलले. मुलीनं बोलायची पद्धत नव्हती, पण मी म्हटलं, मी शाळेत शिकवते आणि लग्नानंतरही शिकवणार. बैठक गार पडली. तेव्हा भावोजी पुढे सरकून म्हणाले, "तिची लाइन आधीपासून चालू हाय. तुमची नवीन जोडायची हाय. दोन्ही चालतील." माझ्या सासऱ्यांना ते पटलं की फक्त नवं वाटलं, ठाऊक नाही. मी तेव्हापासून रोह्यात आहे आणि शिकवते आहे.

एका ठिकाणी मात्र त्यांनी हा शब्द कधी वापरला नाही. माझे वडील वारले, तेव्हा मी रोह्याहून धावत आले. भावोजी दारात उभे होते. मला वाटलं, आता हे काय बोलतील, आणि माझ्यानं ते ऐकवणार नाही. ते एवढंच म्हणाले, "आण्णा गेले गो." आणि माझ्या हातातली पिशवी घेतली.

आता चाचीची गोष्ट. धरमतरच्या खाडीच्या बाजूला, खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधावरून एक टेलिफोनची तार गेली होती. ती भावोजींच्या हद्दीतली सगळ्यात लांबची आणि सगळ्यात खट्याळ लाइन. खारट चिखलात पोल धड उभा राहत नाही. उधाणाला बांध फुटला की एखादा पोल आडवा होतोच. मोबाइल आल्यावर त्या बाजूच्या घरांनी एकेक करत फोन परत केले, आणि शेवटी त्या तारेच्या टोकाला एकच घर उरलं. तिथे चाची एकट्या राहत. त्यांचा मुलगा अन्वर कुवेतला. दर शुक्रवारी नमाज झाली की कामाआधी मिळणाऱ्या तेवढ्याच सवडीत तो तिकडून फोन करायचा, तेव्हा आपल्याकडे दुपारचे तीन वाजलेले असत. चाचीचा आठवडा त्या घंटीपाशी सुरू व्हायचा आणि तिथेच संपायचा.

भावोजींचा जीवही त्याच घंटीत अडकला होता. चाचीचा फोन बंद झाला की ती तार गुंडाळायची आणि भावोजींना उरलेली नोकरी पेणच्या हापिसात खुर्चीवर काढायला लावायची, असं साहेबानं सांगून ठेवलं होतं. निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते. दुसरा कुणी खूश झाला असता. भावोजी ताईला म्हणायचे, "मला टेबलाखाली पाय घालून बसवतील. उभ्या जन्मात मी कधी टेबलाखाली पाय घातले नायत." त्यांना शेवटच्या दिवसापर्यंत पोलावर चढायचं होतं, आणि त्यासाठी चाचीचा फोन वाजत राहायला हवा होता.

एका शुक्रवारी उधाणानं पोल झुकला, तार तुटली आणि अन्वरचा फोन आलाच नाही. भावोजी पोचेपर्यंत संध्याकाळ झालेली. चाची उंबऱ्यावर बसल्या होत्या. रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "बाला, आता आठ दिवस मी काय करू?" ते भावोजींच्या मनाला फार लागलं. त्यांनी ठरवलं, यापुढे दर शुक्रवारी अन्वरच्या फोनाआधी आपण स्वतः पोलावर चढून लाइन तपासायची.

तपासायची त्यांची रीत अशी. कमरेला टेस्टिंगचा फोन लटकवून पोलावर चढायचं, त्याचे चिमटे चाचीच्या तारेला लावायचे आणि एक्स्चेंजला सांगून त्यांच्या घरी घंटी वाजवायला लावायची. चाचीनं उचललं की वरून भावोजी ओरडणार, "चाची, आवाज येतो काय?" खरं म्हणजे घर एवढं जवळ, की फोनशिवायही ऐकू गेलं असतं. "येतो रे बाला. जेवलास काय?" चाची म्हणायच्या, आणि मग सुरू व्हायच्या. गुडघा. कोंबड्या. पलीकडच्या घरातलं भांडण. मधेच पुन्हा गुडघा. भावोजी वर टांगलेले, खाली चिखल, चारी बाजूंना पाणी, आणि ते "व्हय, व्हय, मग काय झालं?" करत ऐकत बसायचे. लाइन किती स्वच्छ आहे याची खात्री जेवढा वेळ करून घेता येईल तेवढा वेळ त्यांना करून घ्यायचीच होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी जोह्याला होते. शुक्रवारी संध्याकाळी भावोजी आले ते थेट ताटावर बसले. ताई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती.

"आजपण अन्वरचा फोन नाय आला," ते म्हणाले. "तिसरा शुक्रवार. चाची रडली. पोरगा आजारी हाय म्हणते. एक्स्चेंजवाल्यांची लाइन खराब, दुसरं काय नाय. मी त्यांना फाडून खाल्ला आज."

"तुमची बरी हाय कशावरून?" ताईनं विचारलं.

"कशावरून म्हंजे? मी सोता लाइनीवर होतो! अडीचला चढलो, साडेतीनला उतरलो. चाचीचा आवाज खणखणीत."

ताईचा हात परातीतच थांबला. "आणि तो फोन कधी करतो?"

"तीनला."

"मग अहो, तुम्ही दोघं बोलत बसलात तर त्याचा फोन शिरणार कुठून? तुमच्या खिशातून?"

भावोजींच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो तोंडापर्यंत गेला नाही आणि ताटातही आला नाही. मला हसू आवरेना, ताईनं मला डोळ्यांनी दटावलं, आणि मग तीच हसायला लागली. भावोजी हसले नाहीत. तिकडे कुवेतला एक पोरगा तीन शुक्रवार एंगेज टोन ऐकत उभा आहे, हे त्यांना दिसत होतं. "म्हंजे लाइन मीच..." एवढं म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी टेस्टिंगचा फोन घरी खुंटीला राहिला. भावोजी नुसते पोलाखाली जाऊन बसले, घरातली घंटी ऐकायला. तीन वाजून गेले, काही वाजलं नाही. थोड्या वेळानं चाची दारात आल्या. "बाला, बसू नको उन्हात. अन्वर बोलला काल. ह्याच्यावर." ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधलेला मोबाइल त्यांनी वर धरला. आईचा फोन लागत नाही म्हणून घाबरून अन्वरनं सुट्टीवर येणाऱ्या गावातल्या माणसाच्या हाती तो धाडला होता. सोबत निरोप होता, जुना फोन परत करून टाका.

त्यासाठी अर्ज लागणार होता. घरात बी.ए. झालेलं माणूस असताना तो दुसऱ्याकडून लिहून घेणं भावोजींना मान्य नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांच्यामागून बांधावरून मी चालत गेले. वाटेत ते एकेका पोलाला जाता जाता हात लावत होते.

"ही कोण?" चाचीनं विचारलं.

"मेव्हणी. रोह्याला मास्तरीण हाय. इंग्लिशची."

"मग बस गो. चहा करते."

मी अर्ज लिहिला. भावोजींनी अंगठ्याच्या शाईची डबी उघडून पुढे ठेवली. चाची अर्जाकडे बघत राहिल्या.

"अंगठा दिला की काय व्हईल?"

"तार काढतील."

"आणि तू?"

"मी पेणला. हापिसात."

"मग शुक्रवारी?"

"शुक्रवारी काय, चाची? शुक्रवारी अन्वर करील की मोबाइलवर."

"अन्वर करील रे. अल्ला त्याला सुखात ठेवो. तो विचारतो, अम्मा, बरी हायेस? मी म्हणते, बरी हाय. मग तो ठेवतो. त्याला तिकडं काम असतं. त्याला मी गुडघ्याचं सांगू? काळी कोंबडी शेजारच्या घरात जाऊन अंडं घालते, ते सांगू? पोरगा तिथं काळजीनं मरेल."

"ते टेस्टिंगसाठी असतं, चाची," भावोजी कसेबसे म्हणाले. "ते खात्याचं काम हाय. बोलायला नसतं."

"मग टेस्टिंग कर," चाची म्हणाल्या. "तुला नको कोण म्हणतंय? आता तू अन्वरच्या आड पण येत नायस." आणि त्यांनी शाईच्या डबीला झाकण लावून ती भावोजींच्या खिशात घातली. माझा अर्ज त्यांनी फाडला नाही, चहाच्या गरम टोपाखाली ठेवला. एवढं शुद्धलेखन करून लिहिलेला माझा अर्ज टोप ठेवायला इतका बरोबर बसेल असं मला वाटलं नव्हतं.

परत येताना भावोजी मधेच थांबून म्हणाले, "तुझं इंग्लिश वाया गेलं गो."

"मराठीतच लिहिला होता अर्ज, भावोजी."

"मग बरं झालं," म्हणाले आणि भराभर चालायला लागले. मला त्यांच्या मागे धावावं लागलं.

भावोजी निवृत्त होईपर्यंत ती तार राहिली. एका घरासाठी एवढी तार कशाला, असं साहेब मधून मधून विचारायचा. ग्राहक फोन सोडायला तयार नाही, असं भावोजी सांगायचे, आणि ते खरंच होतं. शेवटच्या शुक्रवारीही ते पोलावर चढले. मी रोह्यात होते, मला ते ताईनं सांगितलं. त्यांच्यानंतर त्या बाजूला कुणी फिरकलं नाही. पुढच्या मोठ्या उधाणात तीन पोल आडवे झाले. ते कुणी उभे केले नाहीत, मग तारही गेली.

भावोजींना नातवंडांनी मोबाइल घेऊन दिला आहे. तो त्यांना आवडत नाही. कुणाचाही फोन आला की "हां, बोल, ठेव," या तीन शब्दांत ते संपवतात. माझाही तसाच संपवतात. फक्त शुक्रवारी दुपारी जोह्याला गेलं, तर ते ओसरीच्या पायरीवर मोबाइल कानाला धरून बसलेले दिसतात. चाची फार थकल्या आहेत. एक पुतणी त्यांच्याकडे राहते, तीच नंबर लावून देते. त्यांना ऐकू कमी येतं, बोलता बोलता काय बोलत होतो तेही विसरायला होतं. सुरुवातीला "जेवलास काय?" आणि "जेवलो, चाची," एवढं होतं. मग काहीच नाही. शेजारच्या कारखान्यात मूर्ती घासायचा आवाज येत राहतो, ताईची भांडी वाजतात, आणि भावोजी तसेच बसून असतात.

मागच्या वेळी मी त्यांच्या शेजारी पायरीवर जाऊन बसले. बराच वेळ झाला तरी ते बोलेनात, म्हणून हळूच विचारलं, "काय म्हणतात चाची?"

त्यांनी तळहातानं मोबाइल झाकला. "काय नाय गो," म्हणाले. "ती बसलीय तिथं, मी बसलोय हितं."

आणि मोबाइल पुन्हा कानाला लावला.